देवस्थानाचे मूळ शोधताना आधी जमाखर्च पाहावा

मुंबईत एखाद्या देवळाचा, दर्ग्याचा किंवा जत्रेचा इतिहास विचारला की उत्तर बहुधा कथेच्या रूपाने मिळते. वाळकेश्वरला रामाने बाण मारून गोडे पाणी काढले, प्रभादेवीची मूर्ती आक्रमणाच्या काळात विहिरीत लपवली होती, गावदेवी अमक्याच्या स्वप्नात आली. या कथा मोलाच्या आहेत आणि त्या लिहून ठेवायलाच हव्यात. परंतु संस्था कशी उभी राहिली आणि शतकानुशतके कशी टिकली, हे त्यांतून समजत नाही. रोजची दिवाबत्ती, नैवेद्य, पुजाऱ्याचे पोट, छपराची डागडुजी आणि उत्सवाचा खर्च यांची सोय झाल्याखेरीज कोणतेही देवस्थान दोन पिढ्यांपलीकडे जात नाही. म्हणून मूळ शोधणाऱ्याने तीन प्रश्न हाताशी ठेवावेत: खर्चाला पैसा किंवा जमीन कोणी दिली, ते द्रव्य कोणाकडे सोपवले, आणि पुढच्या कोणी ते गिळंकृत करू नये म्हणून कोणता धाक घातला. प्राचीन आणि मध्ययुगीन लेखांमध्ये नेमकी हीच माहिती कोरलेली असते, आणि मुंबईच्या आसपास असे लेख विपुल आहेत.

ब्राह्मी लिपीचे कोडेसुद्धा दानाच्या शब्दानेच सुटले, हे येथे ध्यानात घ्यावे. सांचीच्या कठड्यांवरील अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे जेम्स प्रिन्सेपने पाहिले. लोकांनी दिलेल्या देणग्यांचे हे लेख असणार, तेव्हा शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्याने केला, आणि 1837 च्या सुमारास उरलेली अक्षरे उलगडत गेली. नवशिक्यानेही हाच मार्ग धरावा. संपूर्ण वर्णमाला पाठ करण्याच्या भरीस न पडता आधी ‘द’, ‘न’, ‘म’, ‘य’ आणि ‘ध’ ही अक्षरे ओळखायला शिकावीत, म्हणजे ‘दान’ आणि ‘देयधम’ (दान म्हणून दिलेली वस्तू) हे दोन शब्द कोणत्याही लेण्यात डोळ्यांना सापडू लागतात.

सरावासाठी एक लेख नीट वाचावा

हात बसण्यासाठी मुंबईबाहेरचा एक लेख निवडावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला असून त्यात वर्ष 42 दिलेले आहे. उषवदाताने संघाला लेणे दिले आणि त्यासोबत 3,000 कार्षापणांची (कार्षापण हे त्या काळचे नाणे) अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे ज्या ठेवीचे मुद्दल कधीही मोडायचे नाही आणि केवळ व्याज वापरायचे, अशी ठेव. आजही अन्नछत्रासाठी ‘कायम ठेव’ स्वीकारणारी देवस्थाने हाच व्यवहार करतात आणि पावतीवर जवळजवळ तोच मजकूर छापतात.

ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघटनांकडे, ठेवलेली आहे: 2,000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने, आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे आहेत. येथे वाचकाने कागद-पेन्सिल घ्यावी. शेकडा एक दरमहा म्हणजे 2,000 वर महिन्याला 20 आणि वर्षाला 240. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही 240. हिशेब पैशाला पैसा जुळतो. ज्या लेखातला हिशेब असा जुळतो, त्याचे वाचन बरोबर असल्याची खात्री पटते, आणि जेथे जुळत नाही तेथे अंक वाचण्यात, नाहीतर अर्थ लावण्यात चूक झाली आहे असे समजावे. लेखाची पारख करण्याचे याहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

या लेखात मुंबईकराला हमखास चकवणारा एक शब्द आहे. विणकरांच्या श्रेणीसाठी तेथे ‘कोलीकनिकाय’ असे म्हटले आहे. हा शब्द वाचताच आपल्याला वरळी आणि माहीमचे कोळीवाडे आठवतात, आणि मासेमारांच्या संघटनेकडे संघाचा पैसा होता असे कोणीतरी ठोकून देतो. परंतु येथे ‘कोलीक’ म्हणजे संस्कृतातला कौलिक, अर्थात विणकर. आणि ठेव चीवरांसाठी, म्हणजे कापडासाठी आहे, हे लक्षात घेतले तर संदर्भही तेच सांगतो. शब्दाचा अर्थ लावताना आवाजापेक्षा खर्चाचे कारण पाहावे, ते यासाठी.

हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले गेले आणि फलकावर नोंदवले गेले, असे लेख पुढे सांगतो. प्रत्येक देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक पाहून आपण कधीकधी नाक मुरडतो; त्या प्रथेला आणि त्या शब्दालाही निदान अठराशे वर्षांचे वय आहे. शिवाय याच उषवदाताने शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथे धर्मशाळा बांधली, डहाणूच्या नदीसह सहा नद्यांवर फुकट नावांची सोय केली, आणि देवांना व ब्राह्मणांना 70,000 कार्षापण दिले. एकच दाता बौद्ध संघालाही देतो आणि ब्राह्मणांनाही देतो. तेव्हा एखाद्या जुन्या दात्याला आजच्या धर्माच्या एका रकान्यात कोंबण्याची घाई करू नये.

मग कान्हेरीला जावे

एवढा सराव झाल्यावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी गाठावी. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे. शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार-अकराशे वर्षांचा आहे, त्यामुळे सारे एका दिवसात पाहण्याचा हट्ट सोडावा. बहुतेक माणसे तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृह आणि तेथल्या सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती पाहून, माकडांना चुकवत परत फिरतात. आपण मात्र चैत्याकडे शेवटी यावे आणि आरंभ पाण्याच्या टाक्यांपासून करावा.

जवळजवळ प्रत्येक निवासी लेण्याच्या दाराशी जमिनीत कोरलेले टाके आहे, आणि छताच्या कातळावरून पाणी त्यात उतरावे म्हणून पन्हळी खोदलेल्या आहेत. लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, आणि लेणी हिंडणारी मराठी मंडळी हा शब्द आजही वापरतात. अनेक दानलेखांत लेणे आणि पोढी ही जोडी एकत्र येते, कारण पाण्याविना लेणे म्हणजे नुसती गुहा. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. मुंबईचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तो नियम समजावून सांगावा लागत नाही. चीवरांचे पैसे वर्षावासाला बांधलेले का, याचे उत्तरही येथेच मिळते: जो ते तीन महिने राहील तोच त्या विहाराचा माणूस.

नंतर दात्यांची गावे आणि धंदे टिपावेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे चौल आणि नाशिक येथील माणसे भेटतात. त्यांत सोनार आहेत, लोहार आहेत, जवाहिरे आहेत, व्यापारी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. एका वहीत तीन रकाने आखून दाता, गाव आणि दिलेली वस्तू अशी नोंद केली, की वीसेक लेखांतच त्या काळच्या बाजारपेठांचा नकाशा तयार होतो. सोपारा हे केवढे बंदर होते याची कल्पना तेथे सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखांवरून येते: आठव्या राजाज्ञेचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, आणि नवव्या राजाज्ञेचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. त्याच 1882 साली भगवानलालांनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ उकरला, तेव्हा त्या कोटाच्या पोटात स्तूप निघाला. स्थानिक आख्यायिकेने स्तूपाचा कोट केला होता आणि त्याला राजाही देऊन टाकला होता.

कान्हेरीतील शिलाहारकालीन लेख मध्ययुगाकडे नेतात. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक म्हणून शिलाहार पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी येथे राज्य करीत होते; ते शैव, तरीही त्यांच्या राज्यात या बौद्ध विहाराला ठेवी मिळत राहिल्या. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे 100 द्रम्मांची (द्रम्म हे त्या काळचे नाणे) कायम ठेव ठेवली. दुसऱ्या एका लेखात पूजा, डागडुजी, चीवरे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी तरतूद आहे. ग्रंथांसाठी स्वतंत्र पैसा ठेवलेला दिसला, की तेथे नुसती वस्ती नसून अध्ययन चालत होते, असे निश्चयाने म्हणता येते. नव्वदाव्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी ते कोरले. त्यांनी काही दान दिलेले नाही, फक्त आपली नावे ठेवली. आपण आज भिंतीवर नाव कोरणाऱ्याला शिव्या घालतो, आणि हजार वर्षांपूर्वीच्या त्याच प्रकाराला संरक्षित लेख म्हणतो.

लेण्यांचे क्रमांक दोन पद्धतींचे आहेत, हा धोका येथेच सांगून ठेवतो. जुन्या पुस्तकात ‘लेणे 66’ असे म्हटलेले लेणे आजच्या पाटीवर 90 असते. जुना संदर्भ घेऊन डोंगरभर भटकण्यापेक्षा वहीत दोन्ही क्रमांक लिहावेत.

लेखाचा फोटो घेताना प्रकाश बाजूने पडेल अशी वेळ साधावी. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात अक्षरांच्या कडांना सावली येते, आणि लेण्याच्या आत बॅटरी भिंतीला समांतर धरली तरी तेच काम होते. अक्षरांत खडू, पीठ, रांगोळी किंवा तेल भरणे पूर्णपणे टाळावे. पूर्वी हे सर्रास चाले आणि त्याने अक्षरांच्या कडा कायमच्या बोथट झाल्या. ठसा घेण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि हौशी माणसाला तिची गरजही पडत नाही.

धाक कोठे लिहिलेला असतो

तिसरा प्रश्न धाकाचा. त्याचे उत्तर गधेगाळीवर मिळते. ही उभी दगडी शिळा असते: वर चंद्र आणि सूर्य, मधे लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प. वरच्या चंद्रसूर्यांचा अर्थ दान आचंद्रार्क, म्हणजे ते दोघे आकाशात असेपर्यंत चालावे. खालच्या शिल्पाचा अर्थ, जो हे दान मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होवो. परळला सापडलेली शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याची 1187 सालची गधेगाळ फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्यावरील मुख्य मजकूर संस्कृतात आहे, परंतु अखेरची शापवाणी मात्र मराठीत आहे. दान संस्कृतात दिले तरी चालते. धमकी गावच्या माणसाला समजली पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान लेखकाला होते. मराठी भाषेच्या आरंभीच्या लेखांत आपल्याला शिवी भेटते, याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. तो त्या काळच्या दस्तऐवजातला दंडाचा परिच्छेद आहे, आणि त्याच दृष्टीने तो वाचावा.

ताम्रपटांत हेच काम सभ्य भाषेत होते. स्वतः दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, असा श्लोक बहुसंख्य ताम्रपटांच्या शेवटी येतो. शाप जेवढा कडक, तेवढी लबाडीची भीती जास्त, असा माझा अनुभव आहे. शापाबरोबर कायदाही होता. ठाण्याहून राज्य करणारा शिलाहार राजा पहिला अपरादित्य याने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली, ती ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाते आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. त्याचा तेजकंठ नावाचा दूत काश्मीरच्या पंडितसभेत हजर होता, असे मंख कवीच्या काव्यात आले आहे. लोकलच्या गर्दीत ठाणे स्थानकावर उभे असताना ही गोष्ट आठवली तर गंमत वाटते, आणि ‘ठाणे’ हे नावही मुळात ‘स्थानक’च आहे.

ठाणे, रायगड आणि मुंबईच्या पट्ट्यात अनेक गधेगाळी वेशीवर किंवा झाडाखाली उभ्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना शेंदूर लावून देव म्हणून पुजले जाते. अशा ठिकाणी पाणी टाकून शेंदूर खरवडायला जाऊ नये. गावच्या जाणत्या माणसाला विचारावे, नारळ द्यावा आणि बसून बोलावे. दगड कोठून आणला आणि कोणाच्या शेताच्या बांधावर होता, ही माहिती अशा बोलण्यातच मिळते. दान दिलेल्या जमिनीची ती हद्द असू शकते, म्हणून दगडाची मूळ जागा त्याच्यावरील लेखाइतकीच महत्त्वाची समजावी.

तारीख कशी पडताळावी

लेखातला शक इसवी सनात आणताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. एका देवस्थानाच्या स्मरणिकेत मी स्वतः माघातल्या तिथीला 78 मिळवून मोकळा झालो होतो; चूक छापून आल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्डावर दोन ओळींत ती दाखवून दिली. तेव्हापासून मी संवत्सराचे नावही पडताळतो. शकात 12 मिळवून 60 ने भागावे. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांतला अनुक्रमांक, प्रभव पहिला धरून. शके 1947 घेतले तर बेरीज 1959, बाकी 39, आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसू. पंचांगातही तोच आहे. कान्हेरीच्या एका लेखात शके 775 आणि प्रजापती संवत्सर असे दोन्ही दिले आहे. हिशेब करून पाहावा: प्रजापती पाचवा, आणि तो 773 ला येतो, 775 ला नव्हे. म्हणून अभ्यासक त्या लेखाचे वर्ष 851 धरतात. कोरणाऱ्याचाही हात चुकतो.

वाचणाऱ्याचा तर चुकतोच. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखाचा शक सुरुवातीला 782 असा वाचला गेला होता. पुढे तो 982, म्हणजे इ. स. 1060 ठरला आणि एका अंकामुळे देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी अंकशब्दांत असतो. त्यात 599 किंवा 600 मिळवावेत, कारण ते वर्ष मृगाला सुरू होते.

नावांतून काय काढावे आणि काय काढू नये

आडनावे आणि गावांची नावे हाही मोठा साठा आहे, मात्र तो बेताने वापरावा. शिलाहारांच्या लेखांतला ‘पट्टकिल’ म्हणजे पाटील, ‘महत्तर’ म्हणजे गावातील ज्येष्ठ, त्याच्याशी म्हात्रे हे नाव जोडले जाते. ‘राजपुत्र’ म्हणजे राऊत, ‘ज्योतिषी’ म्हणजे जोशी. गिरगावातील खोताची वाडी हे नाव महसूल गोळा करणाऱ्या खोताची आठवण ठेवून आहे. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे. देऊळ म्हणजे ‘देवकुल’, राऊळ म्हणजे ‘राजकुल’, लेणे म्हणजे ‘लयन’. परंतु अशा आडनावांमागे बहुधा हुद्दा असतो आणि हुद्दे हस्तांतरित होतात, तेव्हा आडनावावरून रक्ताची वंशावळ काढणे धोक्याचे आहे. कान्हेरीबाबतही तसेच: ‘कृष्णगिरि’ या नावातला कृष्ण म्हणजे काळा रंग, काळ्या कातळाचा डोंगर. त्याचा गोकुळाशी संबंध नाही.

एकावर एक चढलेले थर

एका जागेचे मूळ एकच असते, हा समज या शहरात लवकर सोडावा लागतो. बोरिवलीचे मंडपेश्वर हे शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, फ्रान्सिस्कन साधूंनी त्याचे चर्च केले, वर बांधकाम चढवले आणि आतल्या एका शिल्पपटावर मोठा क्रूस कोरला. 1739 मध्ये चिमाजी आप्पाने वसई जिंकली, त्यानंतर पुन्हा बदल झाले. तेथे उभे राहून ‘हे मूळचे कोणाचे’ असा वाद घालण्यापेक्षा प्रत्येक थराचा खर्च कोणी केला, असे विचारावे, म्हणजे निदान बोलणे पुराव्यावर येते. वाळकेश्वरचे जुने देऊळ शिलाहारकाळातले मानतात. आजचे देऊळ 1715 मध्ये सारस्वत व्यापारी रामा कामाती यांनी उभारले. याच रामा कामातींवर पुढे 1720 मध्ये कंपनी सरकारने आंग्र्यांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून त्यांची मालमत्ता जप्त केली, आणि नंतर तो पुरावाच बनावट असल्याचे उघड झाले. एकाच जागेच्या वहीत शिलाहार, पोर्तुगीज, कंपनी आणि सारस्वत व्यापारी असे चार रकाने पडतात.

परळच्या बारादेवी मंदिरातील सप्तशिवाची कथा वेगळीच आहे. सुमारे साडेतीन मीटर उंचीचे, पाचव्या-सहाव्या शतकातले हे शिल्प 1931 मध्ये रस्त्याचे काम चालू असताना मिळाले. त्याच्याजवळ लेख नाही, दात्याचे नाव नाही. अशा वेळी शैली घारापुरीशी ताडून पाहावी आणि तेवढ्यावर थांबावे.

पंचांग समोर ठेवून जत्रा पाहावी

जत्रेचे मूळ शोधण्याची युक्ती निराळी आहे: ती कोणत्या पंचांगाने ठरते ते पाहावे. माहीमचे मखदूम अली (1372–1431) हे कुराणाचे भाष्यकार आणि मोठे विद्वान. गुजरातच्या सुलतानांच्या काळात माहीम हे महत्त्वाचे ठाणे होते आणि तेव्हाचे हे पुरुष. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हिजरी तिथीचा उत्सव दर वर्षी मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो. माहीमचा मेळा मात्र डिसेंबर धरून राहतो. 2022, 2023 आणि 2024 च्या मेळ्याच्या आरंभाच्या तारखा पंचांगासमोर ठेवल्या तर त्या मार्गशीर्ष पौर्णिमेच्या लगतच्या निघतात. संत इस्लामी परंपरेतले, मेळ्याचा काळ या मातीच्या पंचांगाचा. पहिली चादर मुंबई पोलीस नेतात, ही प्रथा पोलीस दल अस्तित्वात आल्यानंतरची, हे उघड आहे. म्हणजे एका मेळ्यात निदान तीन वयांच्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या लिहाव्यात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला 8 सप्टेंबरनंतरचा रविवार असतो, तो ख्रिस्ती दिनदर्शिकेचा. परंतु हातपायांच्या आकाराच्या मेणबत्त्यांचा नवस पाहिला की तेथेही हाच प्रयोग करावासा वाटतो.

बखर आणि कागद

माहीमच्या इतिहासासाठी महिकावतीच्या बखरीचा आधार घेतला जातो, वि. का. राजवाड्यांनी ती 1924 मध्ये प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांच्या याद्या तीत आहेत आणि आजही काही समाज त्यांवर आपले मूळ सांगतात. बखर वाचताना राजांची वर्षे शेवटी विचारात घ्यावीत. आधी गावांची नावे, वतने आणि कोणाला काय मान होता हे टिपावे, कारण बखर बहुधा अशा मानपानाच्या वादासाठीच लिहिली किंवा पुन्हा उतरवली जाते. हेतू समजला म्हणजे ती कोठे वाढवून बोलत असेल याचा अंदाज येतो.

अठराव्या शतकाच्या अलीकडे आलो की दगड संपतो आणि कागद सुरू होतो. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. देवस्थान इनामांचे आणि सनदांचे कागद पाहायचे तर तेथे अर्ज करावा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानाचा उतारा वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतो. त्यात विश्वस्त, मिळकत आणि उत्पन्नाची साधने दिलेली असतात. हा उतारा म्हणजे आजची गधेगाळच; फक्त शापाच्या जागी कलमे आली आहेत.

देवस्थानाच्या विश्वस्तांकडे गेल्यावर प्रथम इतिहास विचारू नये, कारण मग पुन्हा कथाच ऐकावी लागते. जुन्या जमाखर्चाच्या वह्या पाहायला मागाव्यात. बहुतेक ठिकाणी एखादे वयस्कर खजिनदार लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून देतात आणि आपल्या हाती काय दिले याची त्यांना फारशी कल्पना नसते. सर्वांत जुनी वही उघडून पहिल्या पानाची पहिली ओळ पाहावी. तेथे ‘मागील शिल्लक’ अशी रक्कम लिहिलेली असेल, तर या वहीच्या आधी आणखी एक वही होती. ती कोठे आहे, एवढेच त्यांना विचारावे.